सणाचा पैसा कुणाच्या घरी जातो?

दसरा झाला की मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. दिवाळीची खरेदी 'आपल्याच' माणसांकडून करा. कंदील, फुलं, कपडे, भेटवस्तू घेताना आधी दुकानदाराचं नाव विचारा. बहिष्काराला बहिष्कारानंच उत्तर द्या असं सांगणारे संदेश रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडच्या ग्रुपांवरही येतात, ते लपवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनानं तो रद्द ठरवला. ठराव कागदावर रद्द होतो, पण यात्रेत पाल ठोकायला निघालेल्या माणसाच्या पोटात पडलेला गोळा तसा रद्द होत नाही.

हे संदेश पाठवणाऱ्यांना मनापासून वाटतं की आपण काहीतरी जुनं, आपलं, राखतो आहोत. म्हणून जुनं काय होतं ते एकदा पाहू. महाराष्ट्रभर हिंडायची गरज नाही, सातारा-सांगली पुरे.

हे दोन जिल्हे आज वेगळे असले तरी कालपरवापर्यंत तसे नव्हते. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग होऊन 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी इंग्रजी मुलखाच्या मधे मधे औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी संस्थानं ठिगळांसारखी पसरलेली होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींची. हद्दी अशा गुंतलेल्या असल्या तरी बाजाराचे दिवस आणि जत्रांच्या तिथी लोकांना पाठ असत. छोट्या धंदेवाल्याचं वर्ष त्या तिथींवर चाले.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ मध्ये आलं. गावातल्या कारूनारूंना काय मिळे, कधी मिळे, त्याचा इतका बारकाईचा हिशेब मराठीत क्वचितच कुणी मांडला असेल. बलुतं म्हणजे सुगीत खळ्यावर मिळणारं धान्य, हे आपण शाळेत शिकतो. पण खळ्याखेरीज सणावारी मिळणारं वेगळं असे. संक्रांतीला कुंभार सुगडं घेऊन दारात यायचा, बेंदराला मातीचे बैल द्यायचा. दिवाळीला नोकराचाकरांना, कामकऱ्यांना पोस्त मिळे. गावच्या जत्रेत नवसाचा बोकड कापायचा मान मुलाण्याचा. हिंदू घरचा नवस, हिंदू देवाची जत्रा, आणि सुरी चालवणारा मुलाणी. त्याचा वाटा ठरलेला. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरांनी मुसलमानांच्या धंदेवाईक बिरादऱ्या नोंदवून ठेवल्या आहेत. साताऱ्याचा खंड १८८५ चा. अत्तार, मन्यार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, शिकलगार ही नावं आज आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर आडनावं म्हणून सापडतात. ती मुलं आता कुणी इंजिनिअर होतात, कुणी रिक्षा चालवतात, पण आडनावात पणजोबाचं दुकान अजून उघडं आहे. आणि त्या दुकानाचं गिऱ्हाईक कोण होतं? बहुतांशी हिंदू शेतकरी आणि त्याच्या घरच्या बायका. हंगाम कुठला? त्यांचे सण.

दिवाळीच्या पहाटेचं उटणं आणि सुगंधी तेल अत्ताराकडून येई. बुक्का, अष्टगंध, धूप, कुंकू, नाडा हा सगळा माल अत्तार पाटीत घालून जत्रेजत्रेत नेत. देव्हाऱ्यातल्या वासाचा मोठा वाटा मुसलमानाच्या पाटीतून आला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पंचमीला लेकी माहेरी यायच्या. मग भावानं किंवा बापानं त्यांच्या हातात बांगड्या भरायच्या, ही माहेरची भेट. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी नागांमुळं जगाला ठाऊक झाली, पण तिथं आलेल्या माहेरवाशिणीला नागाइतकंच बांगड्यांच्या पालाचं अप्रूप असणार. बांगडी भरणारा कासार असे नाहीतर मन्यार. परक्या पुरुषानं हात धरायचा नाही अशा त्या काळात, मन्याराच्या पुढ्यात मात्र सासूच सुनेला बसवायची. लेकीच्या लग्नात द्यायची गादी पिंजाऱ्याकडं, विडा तांबोळ्याकडं, फळांची परडी बागवानाकडं.

संक्रांतीच्या वाणाकडं धंद्याच्या नजरेनं फारसं कुणी पाहिलेलं नाही. मला तर तो आपल्याकडचा भेटवस्तूंचा सगळ्यात जुना घाऊक बाजार वाटतो. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला एकच एक छोटी, उपयोगाची वस्तू द्यायची. कंगवा, आरसा, करंडा, बांगड्या, गाळणी. पंचवीस-तीस बायका धरल्या तरी एका घरचे पंचवीस-तीस नग, आणि गल्लीत अशी घरं किती! पाटीवाल्याला एरवी महिनाभर बसूनही एवढी विक्री होत नाही. त्यात हळद तर सांगलीचीच. सांगलीलगतच्या हरिपुरात जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये ती वर्षानुवर्षं साठवली जाई. २००५ च्या पुरात त्या पेवांची दैना झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या दोन वर्षं आधी.

बेदाण्यावरून आपल्या ईदकडं येऊ. शिरखुर्म्याच्या पातेल्यात डोकावून पाहिलं तर त्यात मुसलमानाचं असं काय असतं? दूध गवळ्याचं. खारीक, खोबरं, चारोळी वाण्याच्या दुकानातली. बेदाणा तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा. अंगावरचे कपडे पुष्कळदा शिंप्यानं शिवलेले, पायातली चप्पल चांभाराची. पोरांच्या हातात पडलेली ईदी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलेली असते, आणि ते दुकान कुणाचं आहे हे पोरांनी पाहिलेलं नसतं.

बकरी ईदचा हिशेब तर फार मोठा आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पाण्याविना तडफडणारा पट्टा. शेतीनं दगा दिला तरी शेळी-मेंढी हात देते, म्हणून इथला धनगर टिकला. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. वर्षभर लेकरासारखा वाढवलेला बोकड बकरी ईदच्या आधी विकायचा आणि त्या पैशात पोरीचं लग्न, पोराची फी, विहिरीची मोटार उरकायची, ही कितीतरी घरांची रीत. आपल्या दृष्टीनं ती कुर्बानी. तिचा एक वाटा नातलगांना, एक गरिबांना. पण त्याआधी एक वाटा, आणि तो रोख, बिरोबाच्या भक्ताच्या हातात पडलेला असतो. २०२५ च्या बकरी ईदच्या तोंडावर राज्याच्या गोसेवा आयोगानं बाजार समित्यांना त्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नका असं पत्र पाठवलं. ओरड झाल्यावर ते मागं घ्यावं लागलं. बाजारच भरला नाही तर शेळ्या-मेंढ्या विकणाऱ्यानं जायचं कुठं, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याला पडला नव्हता.

मानाच्या गोष्टींतही ही अशी सरमिसळ आहे. मिरजेत हजरत मिरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. कडेगावला मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, आणि त्यातले काही ताबूत हिंदू घराण्यांचे असतात. अशा वेळी बांबू, कागद, चिकी, दोरा यांचा खर्च सगळ्या आळ्यांत फिरतो.

आता एवढं वाचून कुणी म्हणेल, वा, काय सोन्यासारखे दिवस होते! तसं नव्हतं. बलुत्यात महार-मांगांच्या वाट्याला शिळंपाकं आणि अपमान येई, तेही याच सणांना. मुलाण्याला गावात मान असला तरी पंगतीला तो वेगळा बसे. सणाच्या दानाचा पैसा नेमका कुणाच्या घरी जातो, हा प्रश्न आपल्याकडं सगळ्यात रोखठोक विचारला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. घराण्याचं मूळ नाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून ते फुले झालं. म्हणजे आडनावातच सणाचा व्यापार. १८८३ मध्ये पुरं झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात त्यांनी वर्षभराचे सण आणि जन्मापासून मरणापर्यंतचे विधी एकेक करून घेतले, आणि त्या प्रत्येक वेळी दक्षिणा, शिधा, दान या नावानं कुणब्याच्या गाठीचं काय सुटतं ते मोजून दाखवलं. फुल्यांचा रोष कुणब्यानं सण करावा याच्यावर नव्हता. कष्ट न करणाऱ्याच्या घरी पैसा जातो आणि कष्टकरी कर्जात बुडतो, यावर होता. मला वाटतं आजही सणाच्या खरेदीला हाच प्रश्न लावावा. दुकानदाराचा धर्म विचारणाऱ्या संदेशापेक्षा तो कितीतरी जास्त अवघड आहे, कारण त्याचं उत्तर नावावरून मिळत नाही. त्यासाठी मालाचा माग काढावा लागतो.

असा माग काढणारा दुसरा माणूसही साताऱ्याचाच निघावा हा योगायोग. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८२८ मध्ये साताऱ्यात जन्मले. पुण्यात वकिली केली, १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी केली. १८७२ मध्ये त्यांनी शपथ घेतली, यापुढं अंगावर हातानं कातलेलं-विणलेलं देशी कापडच घालीन. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेमहाराजांच्या जरतारी गर्दीत हा माणूस खादीच्या जाड्याभरड्या कपड्यात वावरला. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. काकांनी नुसता उपदेश केला नाही, देशी मालाची दुकानं काढली. मँचेस्टरचं कापड स्वस्त आणि तलम, देशी महाग आणि खरबरीत, अशा वेळी दुकान काढणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. त्यांना विणकर जगवायचा होता, आणि या मुलखातला विणकर म्हणजे साळी, कोष्टी आणि मोमीन. काकांच्या स्वदेशीत मोमिनाचा माग परका ठरवायची सोयच नव्हती. तो परका ठरवला असता तर विकायला कापड कुठून आणणार?

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी याच काळात पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली आणि निरनिराळ्या जातींच्या बायकांना एकत्र हळदीकुंकवाला बोलावलं. दीडशे वर्षांपूर्वी ही गोष्ट साधी नव्हती. त्यामुळं आजच्या काही सोसायट्यांमध्ये हळदीकुंकवाचं आमंत्रण देताना नावं गाळली जातात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

'स्थानिक' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. आज मन्याराच्या दुकानातली काचेची बांगडी बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून आलेली असते. विकणारा आपला, भट्टीपाशी होरपळणारा परगावचा. दिव्यांच्या माळा चीनहून येतात, आणि त्या विकणारा पोरगा आपल्याच गल्लीतला. मग खरेदी स्थानिक झाली की नाही? मी म्हणेन, अर्धी झाली. पण ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात ती अर्धीसुद्धा होत नाही. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये सुरू झालेल्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी खेडोपाडी घराघरात लटकत असे. तसं पूर्णपणे इथलं म्हणता येईल असं आज फार थोडं उरलंय.

जे उरलंय त्यात म्हसवडकडची घोंगडी आहे. मेंढरं धनगरांची, विणकाम सनगरांचं, चिंचोक्याची खळ देऊन केलेली. म्हसवडलाच चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिच्याबरोबर वाढलेली माणदेशी संस्था मुंबईत महोत्सव भरवते, तिथं माणच्या बायका आपला माल स्वतः विकतात. साताऱ्याचे कंदी पेढे पाहुण्याच्या हातात ठेवायची रीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पेढ्याला जाहिरात लागत नाही, घोंगडीला लागते.

आणि मिरजेची सतार आहे. शिकलगारांची हकीकत मी मुद्दाम मागं ठेवली होती.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे. तलवारी, भाले, जंबिये. त्यांचाही एक हंगाम होता, दसरा. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची तर ती आधी घासूनपुसून लखलखीत व्हायला हवीत. सरदाराच्या वाड्यापासून पाटलाच्या घरापर्यंत शिकलगाराला बोलावणं येई. इंग्रजी राज्य आलं, सरदारांच्या फौजा मोडल्या, तलवार खुंटीला लागली. लढाई संपली ही चांगलीच गोष्ट, पण शिकलगाराची चूल त्या लढाईवर पेटत होती. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. दरबारात गाणं-बजावणं होतं, वाद्यं होती, आणि ती दुरुस्त करणारं जवळपास कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या शिकलगारांमधल्या फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या भावानं हे काम हातात घेतलं. आधी दुरुस्ती, मग स्वतःची तंतुवाद्यं. लोखंडाची धार ओळखणारी बोटं तारेचा सूर ओळखायला लागली. घराण्याला नाव पडलं सतारमेकर. मिरजेत त्यांची गल्लीच आहे.

तानपुरा करायचा तर भोपळा लागतो, खायचा नव्हे, कडू. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेच्या काठच्या शेतकऱ्यांकडून. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली आणि दांडी. पूर्वी नक्षीला हस्तिदंत वापरत, आता प्लास्टिक. वर लाखेचं पॉलिश. हे सगळं झालं तरी वाद्य मुकंच असतं. घोडीचा पृष्ठभाग घासून घासून असा करायचा की तार तिथं नुसती टेकेल आणि सुराला गुंजन येईल. याला जवारी काढणं म्हणतात. हे मोजपट्टीनं होत नाही, कानानं होतं, आणि कान वडिलांच्या शेजारी बसूनच तयार होतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, त्यामागं गावचं हवामान असेल, दर्गा असेल, पण आपल्याला हवा तसा तानपुरा घराशेजारी जुळवून मिळतो हेही कारण असणार, असं मला नेहमी वाटतं. १९३७ मध्ये ते गेले. मिरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी दर्ग्याच्या आवारात आजही गाणं होतं, आणि देशभरातले गवई तिथं हजेरी लावतात.

मिरजेचा तानपुरा ज्या हातांत जातो ते हात बहुतांशी भजनाचे, अभंगाचे, देवळातल्या मैफलींचे. आत भीमाकाठचा भोपळा, बाहेर शिकलगाराच्या नातवाचं काम. यात नाव विचारायचं तर किती जणांचं विचारणार? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या बातम्या झाल्या. पण रोजच्या धंद्यावर घाव घातला तो आधी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेटीनं आणि नंतर मोबाइलमधल्या फुकट ॲपनं. करोनाच्या दोन वर्षांत मैफली थांबल्या, क्लास थांबले, तशा ऑर्डरीही थांबल्या. ज्या घरात चार भाऊ हे काम करत होते, तिथं एकाचंच पोरगं बसायला तयार होतं. बाकीच्यांना पगार हवा आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मुलीनं गाणं शिकायला सुरुवात केली, मुलगा परीक्षेत पास झाला, सून गाणारी आली, अशा वेळी मोबाइल भेट देणारी कितीतरी घरं मी पाहतो. त्याच पैशात, पुष्कळदा त्याहून कमी पैशात, मिरजेचा तानपुरा येतो. पण तो दुकानात जाऊन लगेच उचलता येत नाही. आवाज काळी चार की पांढरी सहा, गाणारी बाई की गडी, ते आधी सांगावं लागतं, मग करणारा त्या गळ्यासाठी वाद्य घडवतो. दसऱ्याला हवा असेल तर श्रावणातच सांगून ठेवावं. खंडेनवमीला महाराष्ट्रातल्या गाणाऱ्या घरांत शस्त्रांऐवजी वाद्यं पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू लागतं. त्याआधीच्या पंधरवड्यात सतारमेकर गल्लीत जुन्या तानपुऱ्यांच्या तारा बदलायला आणि जवारी काढून घ्यायला गिऱ्हाइकं येतात. पणजोबांच्या काळात याच दिवसांत दारात तलवारी येत.